उसन्या चाली आणि स्वतःचे नाव

लोकप्रिय गायिकेच्या कलाविकासाविषयी गंभीरपणे लिहावयाचे म्हटले, की आपल्याकडच्या रसिकाच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटते. त्यातून ती गायिका हाँगकाँगची असली, तिची भाषा कँटोनीज असली आणि तिची बरीचशी गाजलेली गाणी दुसऱ्यांच्या चालींवर बेतलेली असली, तर ही आठी अधिकच खोल जाणार. तरीही फे वाँग ह्या गायिकेचा १९९४ सालचा ‘वू सी ल्युन सौंग’ हा गीतसंग्रह (मराठीत त्याला ‘सैरभैर विचार’ असे म्हणता येईल) पुनःपुन्हा ऐकल्यावर असे वाटते, की अनुकरण आणि स्वत्व ह्यांविषयीच्या आपल्या काही ठाम समजुती तपासून पाहण्याची ही एक उत्तम संधी आहे. ह्या गायिकेच्या कारकिर्दीविषयी एक समजूत रूढ होऊन बसली आहे. आरंभी ती परक्या चाली गाणारी एक साधी बाजारू गायिका होती, पुढे तिने ते सारे झुगारले आणि १९९६ साली ती ‘कलावंत’ झाली, अशी ती समजूत. ही गोष्ट ऐकावयास गोड आहे. पण गाणी ऐकली म्हणजे ती तशीच्या तशी पटत नाही.

फे वाँग मूळची हाँगकाँगची नव्हे. तिचा जन्म १९६९ सालचा, बेजिंगचा. वडील खाणकामातले अभियंता, आई गायिका. शाळकरी वयातच तिच्या गाण्यांच्या ध्वनिफिती निघाल्या होत्या, आणि त्यांत भर होता तो तैवानच्या तेरेसा तेंग हिच्या गाण्यांचा. १९८७ साली ती वडिलांकडे हाँगकाँगला आली. तेथे ताई सी-चुंग ह्या गायनशिक्षकांकडे शिकली आणि एका ध्वनिमुद्रिका कंपनीने तिच्याशी करार केला. मात्र तिचे ‘वांग फेई’ हे नाव कंपनीला फार ‘मुख्यभूमीवरचे’ वाटले. त्या काळी मुख्य चीनमधून आलेल्या माणसाला हाँगकाँगात गावंढळ समजण्याची रीत होती. १९७९ सालच्या एका दूरदर्शन मालिकेतील पात्रावरून अशा माणसाला ‘आ छान’ हे कुचेष्टेचे नावही पडले होते. तेव्हा १९८९ सालच्या पहिल्या संग्रहावर तिचे नाव छापले गेले ते ‘वाँग चिंग-मान’, आणि इंग्रजीत ‘शर्ली’. वीस वर्षांच्या मुलीला परक्या गावी, परक्या भाषेत, परक्या नावाने उभे करण्यात आले. घरापासून हजार-दीड हजार मैलांवर ज्यांच्या नावाचा उच्चार कचेरीत रोज निराळा होतो, त्यांना ह्यातले मर्म अधिक विस्ताराने सांगावयास नको.

आता चालींविषयी. हाँगकाँगचे लोकप्रिय संगीत १९७४ च्या सुमारास खऱ्या अर्थाने कँटोनीज झाले. सॅम हुई ह्याची गाणी आणि दूरदर्शन मालिकांची शीर्षकगीते ह्यांनी ते घडवून आणले. त्यापूर्वी तेथल्या सुशिक्षित तरुणाच्या ओठांवर मँडारिन किंवा इंग्रजी गाणी असत. गाण्यांची मागणी एकदम वाढली आणि तेवढे संगीतकार नव्हते. तेव्हा जपानी आणि पाश्चात्य चाली घेऊन त्यांवर कँटोनीज शब्द बसविण्याचा एक धंदाच उभा राहिला. ह्या प्रकाराला तेथे ‘शब्द भरणे’ असेच म्हणतात. हे ऐकून नाक मुरडण्यापूर्वी मराठी वाचकाने आपल्या संगीत नाटकाचे स्मरण करावे. खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’तील (१९१६) पदे भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या हिंदुस्थानी चिजांच्या चालींवरच बांधली गेली, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून ती उतरल्यावर ती उसनी आहेत असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

पण आपल्या पदकर्त्याला जे संकट कधी पडले नाही, ते कँटोनीज गीतकारापुढे पावलोपावली उभे असते. मराठी पद चालीत बसविताना फार तर एखादा ऱ्हस्व दीर्घ होतो; कान क्षणभर कुरकुरतो, अर्थ मात्र तोच राहतो. कँटोनीजमध्ये सूर हाच शब्दाचा अर्धा देह. ‘सी’ हे एकच अक्षर सहा निरनिराळ्या सुरांत उच्चारले, की त्याचे कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब असे सहा अर्थ होतात. चालीने शब्दाला खालून वर ओढले, की शब्दच बदलतो. जुन्या ख्रिस्ती भजनांबद्दलची एक गंमत तेथे नेहमी सांगितली जाते: चालीने सूर बदलल्यामुळे ‘प्रभू’ ह्या शब्दाचा ‘डुक्कर’ होत असे! म्हणून तेथला गीतकार आधी चालीतील प्रत्येक स्वराखाली शून्य, दोन, चार, तीन असे आकडे मांडतो. कारण कँटोनीजमध्ये ह्या आकड्यांचे उच्चारच खालून वर ह्या क्रमाने चढत जातात. मग त्या सांगाड्यात बसणारे शब्द शोधावयाचे. मँडारिन गीतांत हा काच सहसा पाळत नाहीत. एका परीने कँटोनीज गीत म्हणजे चाल आणि भाषा ह्यांच्यातील वाटाघाटच, आणि ह्या वाटाघाटीत भाषा सहसा हार मानीत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ह्या गाण्यांची भाषा बहुधा रस्त्यावरची कँटोनीज नसते. ती असते सर्व चीनची लेखनभाषा, कँटोनीज उच्चारांत वाचलेली. म्हणजे फे वाँगपुढे जो कागद येई, त्यावरची अक्षरे बहुतेक तिच्या ओळखीचीच, अर्थही तोच. उच्चार तेवढा सर्वस्वी निराळा. आपले आणि हिंदीचे नाते नेमके उलट आहे. आपल्यालाही लिपी तीच भेटते, उच्चारही बहुतेक तोच, पण ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण हे टिपणी लिहिताना पहिले वर्षभर मनाला बजावून सांगावे लागते. ओळखीच्या अक्षरांतून अनोळखी सूर काढावयाचा, ही त्या मुलीची रोजची तालीम होती. तिच्या आवाजात पुढे जो एक प्रकारचा अलिप्तपणा आला, त्याचे एक मूळ मला येथे दिसते. इतरांनी तो अहंकार मानला, काहींनी थंडपणा. ज्या भाषेत आपण जन्मलो नाही, तिच्यात माणूस शब्दाला जरा दोन बोटांनी धरून बोलतो.

पहिल्या तीन संग्रहांवर फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही. आवाज गोड, तालीम चोख, व्यक्तित्व नाही. १९९१ साली ती काही काळ अमेरिकेत जाऊन राहिली आणि परतल्यावर १९९२ साली ‘कमिंग होम’ निघाला. ह्यातील ‘सहज घायाळ होणारी स्त्री’ ह्या गाण्याने तिला घरोघर पोचविले. चाल जपानच्या नाकाजिमा मियुकी हिची. हे गाणे उत्तम रीतीने गायिले आहे, ह्यात शंका नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज कापतो, योग्य ठिकाणी हुंदका येतो. पण ती घायाळ स्त्री कोणती? कोणतीही. हाच ह्या गाण्याच्या यशाचा आणि मर्यादेचाही उगम आहे. गायिकेने श्रोत्याच्या दुःखाला आपला गळा भाड्याने दिला आहे.

१९९३ साली ह्या कराराला पहिली चीर गेलेली दिसते. ‘एक लाख प्रश्न’ ह्या संग्रहात तिने टोरी अमॉस ह्या अमेरिकन गायिकेचे, स्त्रीच्या दडपलेल्या आवाजाविषयीचे गाणे ‘शीतयुद्ध’ ह्या नावाने घेतले. चाल उसनी आहेच. परंतु ती कोणाची उसनी घ्यावयाची ह्याची निवड आता कंपनीच्या हिशेबावरून होत नसून गायिकेच्या कानावरून होत आहे, हे उघड आहे. कलावंताच्या वाढीतील हा टप्पा आपल्या समीक्षेत फारसा मोजला जात नाही. आपण एकदम ‘स्वतंत्र निर्मिती’ मागतो. माणूस कोणापुढे बसून शिकतो ह्यातही त्याचे स्वत्व असते. किंबहुना तरुणपणी ते तेथेच असते.

आणि मग १९९४. ह्या वर्षी तिने स्वतःचे खरे नाव परत घेतले आणि त्याच वर्षीच्या मध्यास ‘सैरभैर विचार’ प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांत परिचित गाणे ‘मुंग चुंग यान’, म्हणजे ‘स्वप्नातला माणूस’. आयर्लंडच्या क्रॅनबेरीज ह्या वाद्यवृंदाच्या १९९२ सालच्या ‘ड्रीम्स’ ह्या गीताचे हे कँटोनीज रूप. वाँग कार-वाय ह्यांच्या ‘चुंगकिंग एक्सप्रेस’ ह्या त्याच वर्षीच्या चित्रपटात तिने भूमिका केली आणि हे गाणेही त्यात वाजते. ज्या चुंगकिंग मॅन्शन्सवरून चित्रपटाला नाव पडले, त्या नेथन रोडवरच्या इमारतीत आपल्या उपखंडातल्या लोकांची दुकाने आणि खाणावळी आहेत, आणि चित्रपटाच्या पूर्वार्धात ती गर्दी स्पष्ट दिसते. परक्यांनी गजबजलेल्या गावाचे हे चित्र, आणि त्यात बेजिंगच्या मुलीने कँटोनीजमध्ये गायिलेले आयरिश गाणे!

मूळ गायिका डोलोरस ओरिऑर्डन हिच्या गायकीचे वैशिष्ट्य म्हणजे छातीतला आवाज एकाएकी मोडून वर उडी घेतो. त्या उडीत एक रानटी आनंद आहे. फे वाँगने ती उडी जशीच्या तशी उचलली. नक्कल म्हणावी इतकी. फरक पडतो तो उडीच्या आधी. मूळ गाण्यातील शब्द लांबविलेले, घरंगळणारे आहेत; कँटोनीजमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या पायरीवर उभे राहते, सुटे, स्वच्छ. त्यामुळे कडव्यात एक पावले मोजण्याची भावना येते आणि मग ती उडी आली, की जणू पायऱ्याच संपतात. मुळात मुक्तीचा उद्गार होता. येथे तो सुटकेचा झाला. ही भर गायिकेने घातली की भाषेने, हे वेगळे करून सांगता येणार नाही, आणि तसे ते सांगण्याची गरजही नाही.

ह्याच संग्रहात कॉक्टो ट्विन्स ह्या स्कॉटिश वाद्यवृंदाची दोन गाणी घेतली आहेत. शीर्षकगीत त्यांपैकीच एक. ह्या वृंदाची गायिका एलिझाबेथ फ्रेझर हिची ख्याती अशी, की तिच्या गाण्यातले शब्द बहुधा कळत नाहीत. अक्षरे ती नादासाठी वापरते. ज्या १९९३ सालच्या संग्रहातून ही दोन गाणी आली, त्यात शब्द त्यातल्या त्यात स्पष्ट आहेत, तरी मुख्य ओढ नादाकडेच. आता असे गाणे कँटोनीजमध्ये न्यावयाचे म्हणजे काय, ह्याचा विचार करावा. जी भाषा प्रत्येक स्वराचा अर्थ मागते, तिला अर्थाविषयी उदासीन असलेली चाल द्यावयाची. शीर्षकगीतात ह्या विरोधाचे अत्यंत सुंदर फळ मिळाले आहे. शब्द नेमके आहेत आणि आवाज त्यांच्याकडे पाहत नाही. पूर्वीचा कंप नाहीसा झाला आहे. स्वर सरळ, बारीक, किंचित श्वासाचा. सैरभैर मनाचे गाणे इतक्या शिस्तीच्या सांगाड्यात बसविले आहे, की सैरभैरपणा सांगावा लागत नाही. तो त्या दोहोंमधल्या फटीतून ऐकू येतो.

संग्रहातील सारेच असे आहे असे नव्हे. काही गाणी त्या काळच्या हाँगकाँगच्या ठरीव प्रेमगीतांच्या वळणाची असून कंपनीचे देणे फेडावे तशी गायिलेली आहेत. पण ह्या दोन-तीन गाण्यांनी श्रोत्याचा कान बदलला, हे खरे. त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून हुंग होमच्या भव्य सभागृहात तिचे सलग १८ कार्यक्रम झाले, आणि रंगमंचावर ती श्रोत्यांशी जवळजवळ बोललीच नाही. हाँगकाँगच्या रीतीप्रमाणे गायकाने श्रोत्यांचे आभार मानावेत, रडावे, पोशाखांविषयी विनोद करावेत. ती गात राहिली, आणि लोक ऐकत राहिले.

पुढच्या दोन संग्रहांविषयी माझे मत प्रचलित मतापेक्षा निराळे आहे. १९९५ साली तिने तेरेसा तेंगची गाणी पुन्हा गायिली. संग्रहाच्या नावातच श्लेष होता, कारण तेंगच्या गाण्यांना मुख्य चीनमध्ये ज्या शब्दांनी ‘अधःपतित नाद’ म्हणून हिणविले गेले होते, त्यांतच तिने आपले नाव गुंफले. त्याच वर्षी मे महिन्यात तेंगचा मृत्यू झाल्यामुळे ह्या संग्रहाला श्रद्धांजलीचे रूप आले. अनेकांनी त्याला व्यापारी माघार मानले. मला ते कर्जफेडीचे पुस्तक वाटते. बालपणी ज्या गळ्याची नक्कल केली, त्याच्यापुढे आता समान नात्याने बसणे. उलट १९९६ सालचा ‘फूचाव’, म्हणजे ‘अस्वस्थता’, हा तिचा सर्वोच्च ग्रंथच जणू, असे मानले जाते. तो मँडारिनमध्ये आहे, तिचे स्वतःचे संगीत त्यात बरेच आहे, कॉक्टो ट्विन्सने तिच्यासाठी मुद्दाम दोन चाली दिल्या. जिची नक्कल केली, तिनेच पुढे येऊन चाल द्यावी आणि आपल्याही एका गीतात हिचा आवाज घ्यावा, हा मान लहान नव्हे. काही गाण्यांत शब्द जवळजवळ उरलेच नाहीत. संग्रह धाडसी आहे, निर्मळ आहे, आणि तरीही मला तो थोडा हलका वाटतो. अडविणारे कोणी राहिले नाही. मातृभाषेत परतल्यावर आणि तीतले शब्दही गाळल्यावर आवाज मोकळा झाला खरा, पण ज्याच्यावर तो आपटून उजळत होता तो दगडच दूर झाला.

माझ्या ह्या मताला एक पुरावा आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये, हाँगकाँग चीनकडे जाण्यास पाच महिने उरले असताना, तिने ‘खेळणे’ हा अवघ्या पाच कँटोनीज गाण्यांचा लहानसा संग्रह काढला. शब्द लिन शी ह्या गीतकाराचे. त्यातील ‘अंतःप्रवाह’ आणि ‘वचन’ ही गाणी ऐकावीत. ‘फूचाव’मध्ये मिळविलेले सारे स्वातंत्र्य आवाजात आहे, आणि त्याखाली पुन्हा एकदा पायरीपायरीने चढणारी ती हट्टी भाषा आहे. ‘वचना’त आवाज कोठेही उंचावत नाही, हुंदका नाही, उडी नाही, निरोप घेणारा माणूस सामान बांधताना जसे हळू बोलतो तसे ते गायिले आहे. १९९२ सालच्या त्या घायाळ स्त्रीशेजारी हे गाणे लावून पाहावे. गळा तोच आहे, गाव तेच आहे, भाषाही तीच. ह्या वेळी मात्र मुखपृष्ठावर तिचे खरे नाव आहे.