पंजाबचे गाऱ्हाणे आणि मराठी लेखणी

काशीतील मुन्शी घाट नागपूरचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखला जातो. या घाटाच्या परिसरात वावरणाऱ्या मराठी माणसास पंजाब परका वाटण्याचे कारण नाही. कबीर आणि रविदास याच नगरीचे. गुरु ग्रंथसाहेबात त्यांच्या वाणीबरोबरच नामदेवांची ६१ पदे आहेत. संस्कृत शिकावयास काशीस आलेले राजगुरू १९३१ साली भगतसिंग व सुखदेव यांच्यासह लाहोरात फासावर चढले. असे असता, खलिस्तानच्या चळवळीविषयी जे मराठी लेखन आमच्या वाचनात आले, त्यात पंजाब फार थोडा आढळतो.

हे लेखन बहुधा पुण्यात सुरू होते व पुण्यातच संपते. १० ऑगस्ट १९८६ रोजी तेथे निवृत्त सेनाप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची भर रस्त्यात हत्या झाली. सुवर्णमंदिरावरील १९८४ च्या कारवाईच्या वेळी ते सेनाप्रमुख होते, म्हणून. मारेकऱ्यांना १९९२ साली येरवड्यात फाशी झाली. वैद्यांविषयीचा शोक यथार्थच आहे. तो आवरा असे कोण म्हणेल? परंतु शोकलेख म्हणजे विवेचन नव्हे. ‘माथेफिरू’ हा एक शब्द लिहिला की आमच्या लेखकांची जिज्ञासा तेथेच विसावते.

वस्तुतः हे गाऱ्हाणे मराठी वाचकास सर्वांआधी उमगावे. भाषिक राज्यासाठी आपण १९६० पर्यंत झगडलो आणि बेळगाव अजून विसरलो नाही. पंजाबी सुभा १९६६ साली मिळाला, तोही चंडीगढ केंद्राकडे ठेवून आणि नद्यांच्या पाण्याचा तंटा मागे ठेवून. १९७३ च्या आनंदपूर साहिब ठरावात राज्यांसाठी अधिक अधिकारांची मागणी होती; ती फुटीरपणाची ठरविण्यात आली. पुढे १९८४ च्या नोव्हेंबरात एकट्या दिल्लीत, सरकारी मोजदादीनेच, २,७३३ शीख मारले गेले. त्या प्रकरणी सज्जनकुमारांना जन्मठेप होण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

मात्र गाऱ्हाणे खरे म्हणून बंदूकही खरी, असा हिशेब मांडणारे थोडके लेखकही आम्हांस मान्य नाहीत. ते संत हरचंदसिंग लोंगोवालांस विसरतात. २४ जुलै १९८५ च्या करारात त्यांनी चंडीगढचे वचन मिळविले आणि महिना उलटण्याच्या आत शीख अतिरेक्यांनीच त्यांना ठार केले. हस्तांतरासाठी ठरलेली २६ जानेवारी १९८६ ही तारीखही तशीच गेली. वचन मिळविणारा एका बाजूने मारला, वचन दुसऱ्या बाजूने मोडले! येथे एक थोर कादंबरी पडून आहे. पण आम्हांस हुतात्मा तरी हवा असतो, नाही तर खलपुरुष.

नामदेवांच्या घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्या गुरदासपूर जिल्ह्यात हे गाव आहे, तो त्या वर्षांत फार होरपळला होता. रात्री अतिरेकी आणि दिवसा पोलीस, अशा दुहेरी भयात जगलेल्या तेथील शेतकऱ्यांविषयी पंजाबी कथाकारांनी लिहिले आहे. काशीत हिंदी आणि मराठी दोन्ही जाणणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी गुरुमुखी शिकून यातील एखादे पुस्तक थेट मराठीत आणील, तर या मासिकाची पाने त्यास खुली आहेत.