‘आमूर’ आणि शर्टाचं बटण

नवऱ्याला पक्षाघात झाला तेव्हा आम्ही सहा आठवडे नांदेडच्या एका दवाखान्यात होतो. रोज दोन वेळा फिजिओथेरपी. संध्याकाळी तो थकून झोपला की मी इअरफोन लावून मोबाइलवर काहीतरी बघायचे. मिखाएल हानेकेचा ‘आमूर’ (२०१२) तिथेच तुकड्यातुकड्यांत बघितला. मैत्रीण म्हणाली होती, ‘तुमच्यासारखीच गोष्ट आहे.’ तशी ती आहेही आणि नाहीही.

गोष्ट पॅरिसमधली. जॉर्ज आणि अ‍ॅन हे ऐंशीच्या घरातलं जोडपं, दोघंही निवृत्त संगीतशिक्षक. अ‍ॅनची उजवी बाजू लुळी पडते. ‘मला पुन्हा दवाखान्यात नेऊ नकोस’ असं वचन ती नवऱ्याकडून घेते. तिथून पुढे सिनेमा जवळपास त्यांच्या फ्लॅटमध्येच घडतो.

हानेकेने एक गोष्ट फार अचूक पाहिली आहे. चाकाच्या खुर्चीतून उठवताना जॉर्ज अ‍ॅनचा हात ओढत नाही, मिठी मारल्यासारखं तिला अंगाशी धरून उभं करतो. आम्हालाही पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं. “ताई, लुळा हात धरून ओढायचं नाही. खांद्याला इजा होते.” आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण गावात दिवसाढवळ्या नवऱ्याला मिठी मारायची सोय नाही. वॉर्डात सासूबाईंसमोर दिवसातून आठ-दहा वेळा मारली. त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एरवी अशा गोष्टींत आपल्याला पदकाची घाई असते. ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) ज्यांच्या आयुष्यावर बेतला आहे, ते मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. आपल्याला या दोन तारखा पाठ होतात. त्यांच्या मधल्या सात वर्षांतल्या सकाळी कुणी मोजत नाही. हानेके अशा सकाळी दाखवतो. अ‍ॅनचा पाय वाकवणारा, सरळ करणारा जॉर्ज तो कापून टाकत नाही.

मग तो प्रसंग येतो. अ‍ॅन पाणी प्यायला तयार नाही, ती ते थुंकते. जॉर्ज तिच्या थोबाडीत मारतो आणि लगेच माफी मागतो. बऱ्याच जणांना या सिनेमाचा शेवट हादरवतो. मी इथेच मोबाइल बंद केला.

मी हात उचलला नव्हता. पण त्याच सकाळी व्यायामाला उशीर होत होता आणि नवरा शर्टाच्या बटणाशी झटत होता. मी त्याचा हात बाजूला सारून पटापट सगळी बटणं लावून टाकली. तो दिवसभर बोलला नाही. रात्री म्हणाला, “मी काय लेकरू हाय का?” जीभ जड होती, तरी एकेक शब्द कळला.

‘आमूर’शी माझं भांडण इथे आहे. जॉर्जचं प्रेम म्हणजे सगळं स्वतःच्या अंगावर घेणं. पोटच्या मुलीलाही तो त्यात येऊ देत नाही. अ‍ॅनचा आजार वाढतच जातो, त्यामुळे धरलेला हात सोडण्याची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. फिजिओथेरपीत तीच वेळ सगळ्यांत अवघड असते. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा. आपण लुळ्या बाजूला उभं राहायचं आणि तोल जाईल तेव्हाच हात द्यायचा. एरवी नुसतं बघत राहायचं. या बघत राहण्यालाही प्रेम म्हणतात, हे हानेकेच्या सिनेमात कुठेच नाही.

म्हणून ‘आमूर’ला मी सेवेचा थोर सिनेमा म्हणेन, बरं होण्याचा नाही. दवाखान्यात आपल्या माणसाच्या उशाशी बसून कुणी तो बघत असेल, तर जरूर बघा. फक्त त्याचा शेवट आपला समजू नका.

आता आम्ही कळमनुरीजवळ आमच्या गावी आहोत. हळदीची काढणी चालू आहे, दीर रानात असतात. सकाळी नवरा ओसरीवर शर्ट घेऊन बसतो. काल वरचं बटण लागायला नऊ मिनिटं गेली. मी मान वळवून भाकरी थापत राहिले. तव्यावरची एक करपली.