‘प्रोटियन’ आणि बहुरूपी

इंग्रजी समीक्षेत एखाद्या प्रतिभेचा गौरव करताना ‘प्रोटियन’ हे विशेषण योजण्याचा प्रघात जुना आहे. मराठीत आपण त्याच्या जागी बहुधा ‘अष्टपैलू’ लिहून मोकळे होतो. वस्तुतः या दोन शब्दांमागील कल्पना परस्परविरुद्ध आहेत. पैलू रत्नाला असतात. एकदा पाडले की ते बदलत नाहीत, आणि मोजता येतात. आपल्या गौरवलेखांतून ते मोजलेही जातात! प्रोटियसला पैलूच नाहीत.

होमरच्या ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात त्याची कथा येते. ट्रॉयहून परतताना फारोस बेटावर अडकून पडलेल्या मेनेलाउसला या सागरवृद्धाची कन्या इडोथिया हिनेच युक्ती सांगितली. भर दुपारी प्रोटियस आपला सीलांचा कळप मोजून त्यांच्यात निजतो. तेव्हा सीलांची कातडी पांघरून दबा धरावा आणि त्याला घट्ट आवळून धरावे. तो सिंह होतो, सर्प होतो, चित्ता, वराह, पाणी, वृक्ष होतो; पकड सुटत नाही असे पाहताच मूळ रूपात येतो आणि विचारलेल्याचे खरे उत्तर देतो. व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’च्या चौथ्या भागातही ही पकड आहेच. कथेचे विशेषण झाले तेव्हा रूपांतर तेवढे उरले, पकड गळली.

मग मराठीत काय करावे? बसवनगुडीत राहून कन्नड-मराठी अनुवाद करणाऱ्यास येथे बी. एम. श्रीकंठय्या (१८८४–१९४६) यांची आठवण अपरिहार्य आहे. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान लगतच्याच नरसिंहराजा कॉलनीत आहे. सोफोक्लीसचा ‘एजॅक्स’ कन्नडात आणताना त्यांनी ग्रीक नाव राखले नाही. अपमानाने पेटलेला, रात्री संहार करणारा अश्वत्थामा त्यांना महाभारतात सापडला. प्रोटियसला असा जोडीदार शोधू गेल्यास ‘कामरूपी’ मारीच पुढे येतो. परंतु तो इच्छेने रूप घेतो, प्रोटियस पकडला गेल्यावर. शिवाय बाण लागताच मारीच मूळ रूपात येतो तो रामाच्या आवाजात खोटी हाक मारण्यासाठी. एकाचे स्वरूप सत्य बोलते, दुसऱ्याचे अखेरपर्यंत फसविते. हे अंतर किरकोळ नव्हे.

इंग्रजीतही हा शब्द एकजिनसी राहिलेला नाही. शेक्सपिअरने ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’मध्ये प्रेमात आणि मैत्रीत पालटणाऱ्या तरुणाला हे नाव दिले; तेथे ‘चंचल’ पुरे. कोलरिजने मात्र ‘बायोग्राफिया लिटरारिया’त (१८१७) खुद्द शेक्सपिअरलाच प्रोटियस म्हटले: तो सर्व मानवी रूपांत शिरतो, तर मिल्टन सर्व रूपे स्वतःकडे ओढून घेतो. या अर्थासाठी ‘चंचल’ हा अपमान ठरेल आणि ‘अष्टपैलू’ ही निव्वळ गैरसमजूत.

माझा कौल ‘बहुरूपी’ला आहे. कन्नड मुलखातील हगलुवेषवाल्यांप्रमाणेच आपल्या बहुरूप्याचे सोंग ओळखू येते, आणि ओळखूनही ते वठले की नाही हे पाहणारा ठरवितो. म्हणजे गळून गेलेली पकड येथे प्रेक्षकाच्या नजरेत शिल्लक राहते. शब्दाला हलका वास आहे, अशी हरकत ऐकू येते. ती मला पटत नाही. चिंतामणराव कोल्हटकरांनी आपल्या नटजीवनाच्या आत्मकथेला हेच नाव दिले, आणि १९५८ साली साहित्य अकादमीने त्याच पुस्तकाचा सन्मान केला.