‘श्रीमंतांचा आजार’ लिहिण्याआधी

मागच्या सेमिनारमध्ये माझ्या एका स्लाइडवर मथळा होता, ‘बालमधुमेह : सधन वर्गाचा आजार’. मॅडमनी एवढंच विचारलं, “सधन कोण? मूल की त्याचा वॉर्ड?” मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही रिसर्चची तयारी करत असाल तर हा प्रश्न जवळ ठेवा, म्हणून हे लिहितोय.

इथे विषय टाइप १ मधुमेहाचा आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते.

आता मोठ्या चित्रात माझा दावा अगदीच खोटा नव्हता. युरोपातल्या सधन देशांत दरवर्षी नवे रुग्ण जास्त सापडतात. फिनलंड आणि सीमेपलीकडचं रशियन कारेलिया घ्या. जनुकीय धोका जवळपास सारखाच, तरी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिनलंडमधलं प्रमाण सुमारे सहापट निघालं. लहानपणी कमी जंतुसंसर्ग झाल्याने हे होत असावं, या अंदाजाला अशाच तुलनांचा आधार आहे.

घोटाळा होतो तो देशावरून घरावर उडी मारताना. ब्रिटनमधल्या अभ्यासांत टाउनसेंड निर्देशांक खूप दिसतो. त्यात चार गोष्टी मोजतात : बेरोजगारी, गाडी नसणं, स्वतःचं घर नसणं आणि घरातली दाटी. पण ही मोजणी सगळ्या वस्तीची, त्या मुलाच्या घरची नाही. शिवाय खेड्यात गाडीवाचून अडतं, म्हणून ओढग्रस्त घरही गाडी ठेवतं आणि खेडं कागदावर सधन दिसतं. मग आढळलेला फरक वर्गाचा की विरळ वस्तीचा?

भारतात याच्याही आधी एक अडचण आहे. आकड्यात येतं ते निदान झालेलं मूल. इन्सुलिनशिवाय हे मूल जगत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप बघून कुणी गॅस्ट्रो समजतं, कुणी न्यूमोनिया. साखर न तपासताच मूल गेलं, तर त्याची नोंदच होत नाही. आयसीएमआरने २००६ मध्ये तरुण मधुमेहींची नोंदवही सुरू केली, ते मोलाचं काम आहे. पण दवाखान्यातून गोळा होणाऱ्या नोंदीत दवाखान्यापर्यंत पोचलेलेच येणार. गरीब मुलं कमी आजारी पडतात की कमी सापडतात, हे त्यावरून ठरत नाही.

म्हणून पेपर वाचताना तीन गोष्टी बघा : वर्ग कुणाचा मोजला, कशाने मोजला आणि सुटलेल्या रुग्णांचा अंदाज दुसऱ्या स्वतंत्र यादीशी ताडून घेतला का.

स्लाइडचा मथळा मी बदललाय. ‘श्रीमंतांचा आजार’ हे एकदा डॉक्टरच्या डोक्यात बसलं, तर सारखं पाणी मागणाऱ्या, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेल्या वस्तीतल्या पोराची साखर कोण तपासणार?