वारशाने आलेली श्रद्धा : अल्-गझालींचे आत्मकथन

आमच्या मसुऱ्यात माणसाचा धर्म त्याच्या घरावरून कळतो. एका घरी सांजवेळी जपमाळेची प्रार्थना होते, तर दुसऱ्या घरी आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तयारी चालते. मूल ज्या घरी जन्मते, तेथील प्रार्थना त्याच्या ओठी बसते. आपल्याला नित्याची वाटणारी ही गोष्ट नऊशे वर्षांपूर्वी एका इस्लामी विचारवंताला अस्वस्थ करून गेली. ते म्हणजे खोरासानातील तूस गावचे अबू हामिद अल्-गझाली (१०५८–११११).

वयाच्या पन्नाशीत त्यांनी ‘अल्-मुन्किझ मिन अद्-दलाल’ हे छोटे आत्मकथन लिहिले. ‘भ्रांतीतून सोडविणारा’ असा त्या नावाचा आशय. ख्रिस्ती घरातले मूल ख्रिस्ती होते, यहुद्याचे यहुदी, मुसलमानाचे मुसलमान; मग आपल्या श्रद्धेत आपले स्वतःचे काय, हा त्यांचा मूळ प्रश्न. नाण्याएवढा दिसणारा तारा गणिताने पृथ्वीहून मोठा ठरतो, म्हणून इंद्रियांवरचा भरवसा गेला. बुद्धीने इंद्रियांना खोटे पाडले, तसे बुद्धीलाही कोणी खोटे पाडील, ही शंका आली. सुमारे दोन महिने ते या अवस्थेत होते. त्यातून युक्तिवादाने नव्हे, तर देवाने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने सुटका झाली, असे ते सांगतात.

गझालींनी बुद्धीला रजा दिली, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. तत्त्वज्ञांचे खंडन करण्यापूर्वी त्यांनी दोन-तीन वर्षे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. तर्क आणि गणित त्यांनी कधी टाकले नाही. ग्रहणाचे गणित नाकारून धर्माचे रक्षण करू पाहणारा हा धर्माचा अडाणी मित्र होय, असा त्यांचा रोख आहे.

या ग्रंथाचे हृदय मात्र १०९५ सालच्या प्रसंगात आहे. बगदादच्या निझामिया विद्यापीठात ते तीनशे विद्यार्थ्यांना शिकवीत होते. सूफींचे ग्रंथ त्यांनी वाचले, आणि आरोग्याची व्याख्या ठाऊक असणे व निरोगी असणे यांतील अंतर त्यांना कळले. आपण कीर्तीसाठी शिकवितो, हेही उमगले. तरी सहा महिने पाय निघेना. अखेर वर्गात जीभच चालेना. वैद्यांनी हात टेकले. मग मक्केला जातो असे सांगून त्यांनी बगदाद सोडले, आणि दमास्कसच्या मशिदीच्या मिनारात एकांत धरला. शंकेपेक्षा अहंकार सोडणे कठीण, हे सत्य या पानांइतके प्रांजळपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

ग्रंथात उणिवाही आहेत. उतारवयात मागे वळून लिहिल्यामुळे शोधाचे टप्पे जरा जास्तच नीटनेटके लागले आहेत. मुलाबाळांच्या निर्वाहाची तजवीज केल्याचे ते नमूद करतात. त्यांच्या दुःखाविषयी मात्र मौन पाळतात. स्वतः संशयाच्या अंधारातून गेलेला हा पुरुष तीन मतांसाठी तत्त्वज्ञांना थेट काफीर ठरवितो, हेही आम्हांस खटकते.

संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाची आठवण येथे होतेच. ज्याचा मोह सुटत नाही अशा मनाची ओढाताण दोघांनीही लिहिली. पण ऑगस्टीन नाना मते धुंडाळून प्रौढपणी स्नानसंस्कारापर्यंत आले. गझाली जन्माने मिळालेल्या धर्मातच परतले. फरक एवढाच की, आता तो केवळ वडिलांचा राहिला नव्हता.

आपल्या कुटुंबांना हे आत्मकथन म्हणूनच जवळचे वाटावे. दृढीकरणाच्या तयारीतला एखादा मुलगा विचारतो, “तुम्ही ख्रिस्ती म्हणून मी ख्रिस्ती, नाहीतर?” आणि आपण त्याला दटावून गप्प करतो. तो प्रश्न श्रद्धा सोडण्याचा असेलच असे नाही. ती आपलीशी करण्याचाही असू शकतो. वारसा आपण देऊ शकतो. तो स्वतःचा करण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागेल, आणि त्यासाठी त्याला प्रश्न विचारण्याची मोकळीक हवी.