नटसंच आणि नटाची वाटचाल

पनवेल स्थानकाच्या पलीकडे सिडकोने आखलेल्या करंजाडे वसाहतीत, जिथे मुंबईची जागा परवडेनाशी झालेली, कोकणातून उपजीविकेसाठी आलेली आणि नव्या विमानतळाच्या भूसंपादनात मूळ गाव सोडावे लागलेली कुटुंबे आज शेजारी शेजारी नांदत आहेत, तेथील रसिकाला मराठी नटाचे दर्शन दोन वाटांनी घडते. एक वाट घरातल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून येते आणि रोज संध्याकाळी येते. दुसरी पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात जाते आणि रविवारखेरीज क्वचितच उघडते. पहिल्या वाटेने ओळखीचा झालेला चेहरा दुसऱ्या वाटेवर तिकीट खपवतो, हा आजच्या व्यवसायाचा सर्वमान्य हिशेब होय. नटाला अन्न मिळावे, नाव मिळावे, याबद्दल कोणाही सहृदय माणसाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु या हिशेबात नटसंच नावाची जी संस्था मराठी रंगभूमीने सुमारे पावणेदोनशे वर्षे जोपासली, तिची नोंद कोणत्या खात्यावर करायची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. नटाची कारकीर्द आपण एकट्याचे चरित्र म्हणून वाचतो. वस्तुतः तो ज्यांच्यासमवेत वर्षानुवर्षे उभा राहिला त्यांच्या सहवासातून ती घडलेली असते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हापासून पुढे जवळजवळ शतकभर नट हा मंडळीचा माणूस होता. दरमहा पगार, सामायिक पंगत, गावोगावचे मुक्काम आणि सकाळच्या तालमीची सक्तीची हजेरी, अशा शिस्तीत तो वाढे. या व्यवस्थेत मालकाची मनमानी होती, कर्जाचा डोंगर होता आणि स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच करण्याचा रिवाज होता; त्या काळाचे पुनरुज्जीवन व्हावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि नवशिक्या पोराला थोराच्या मागे विंगेत उभे राहून त्याचा शब्दोच्चार, त्याचा विराम आणि त्याची पावले रोज पाहायला मिळत, हा तिचा लाभ निर्विवाद होता.

मूकपट बोलू लागताच या मंडळ्यांचा पाया खचला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणून अभिनयाला नवे वळण दिले. परंतु त्याच सुमारास प्रेक्षक बोलपटाकडे वळत होता. स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावलेल्या बालगंधर्वांना १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांची पुरुषभूमिका करावी लागली आणि पडद्याने त्यांना आपलेसे केले नाही. उलट रंगभूमीवर मुरलेले केशवराव दाते ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील वृद्ध वराच्या भूमिकेत असे समरस झाले, की आज नव्वद वर्षांनंतरही त्या अभिनयातला संयम जुना वाटत नाही. गोखले घराण्याची कथा याहून दीर्घ आहे. फाळके यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, कमलाबाईंचे पुत्र चंद्रकांत आणि नातू विक्रम यांनी तीच दुहेरी परंपरा चालवली. ज्यांना ‘बॅरिस्टर’मधील विक्रम गोखले रंगमंचावर पाहण्याचे भाग्य लाभले, त्यांना त्या एका भूमिकेमागे तीन पिढ्यांची शिदोरी जाणवल्यावाचून राहिली नसेल.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६० नंतर, नटसंचाचे स्वरूप पालटले. पगार देणारी मंडळी गेली आणि नोकरी करून नाटक करणाऱ्यांचा वर्ग पुढे आला. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून घडलेल्या सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधली त्यांची बेणारेबाई १९६७ मध्ये रंगमंचावर आली, १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांच्या चित्रपटात पडद्यावर गेली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘आविष्कार’चा संसार पुढे त्यांच्या शाळेच्या सभागृहात थाटला गेला. त्याच चित्रपटातून अमोल पालेकर पडद्याला परिचित झाले. उपजीविका एकीकडे आणि कला दुसरीकडे, अशी ही विभागणी नटाला शारीरिकदृष्ट्या थकवणारी होती खरी. पण तिने त्याला एक मोठे स्वातंत्र्य दिले. तिकीटविक्रीवर चूल अवलंबून नसल्यामुळे तो न चालणारे नाटक निवडू शकत होता आणि त्यासाठी महिनोन्‌महिने तालीम करू शकत होता.

या स्वातंत्र्याचे सर्वांत तेजस्वी फळ म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात उभे राहिले, तेव्हा त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते, नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मनोविकारशास्त्राकडे वळलेले डॉक्टर होते, साहाय्यक दिग्दर्शक सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक होते. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांनी बांधलेल्या या प्रयोगात ब्राह्मणांची रांग हीच भिंत, हाच पडदा आणि हाच समाज होती. त्या रांगेतील शेवटचा माणूस चुकला तर संपूर्ण रचना कोसळावी, इतके ते परस्परावलंबी होते. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले, तेव्हा हा संच फुटला नाही. त्याने १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली, नाटक पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये ते युरोपात नेले. पुढे या संचातील प्रत्येकाची वाट निराळी झाली. आगाशे मनोरुग्णसेवा आणि पडदा दोन्ही सांभाळत ‘अस्तु’तील स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडितापर्यंत पोहोचले, मोहन गोखले हिंदी चित्रपटात आणि ‘मिस्टर योगी’ या मालिकेत दिसले, चंद्रकांत काळे ‘महानिर्वाण’मधून आणि गाण्यातून रसिकांच्या मनात राहिले, आळेकर नाटककार म्हणून मान्यता पावले आणि उत्तरायुष्यात चित्रपटांतही भूमिका करू लागले. या सर्वांच्या अभिनयात समान असे काही असेल, तर ते म्हणजे समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकण्याची सवय. ती त्या रांगेत लागली, असे मला निश्चयाने वाटते.

त्याच १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ आले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून वर आलेले निळू फुले त्यात सखाराम झाले. लालन सारंग यांनी चंपा उभी केली. आणि परिनिरीक्षण मंडळाने सुचवलेल्या काटछाटीविरुद्ध दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयापर्यंत लढा देऊन प्रयोगाचा हक्क मिळवला. नटाच्या कारकिर्दीत धैर्य हाही एक गुण असतो आणि तो एकट्याने दाखवणे फार कठीण असते, याचा हा दाखला. पडद्याने निळूभाऊंना बहुतेक वेळा ठराविक खलपुरुषाच्या चौकटीत बंदिस्त केले; पण जब्बार पटेलांच्या ‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ (१९७९) यांनी ती चौकट मोडली. ‘सिंहासन’ची पात्रयोजना आज पुन्हा वाचावी: निळू फुले, अरुण सरनाईक, श्रीराम लागू, सतीश दुभाषी, दत्ता भट, मोहन आगाशे, नाना पाटेकर, रिमा लागू, लालन सारंग. पडद्याने येथे रंगभूमीकडून सुटे चेहरे घेतले नाहीत. त्याने परस्परांची लय जाणणारा सगळा मेळाच उचलला आणि म्हणूनच त्या चित्रपटातील दोन वाक्यांचा प्रसंगही पोकळ वाटत नाही.

नटसंचाचा आणखी एक अर्थ ‘नटसम्राट’ने शिकवला. कान-नाक-घसातज्ज्ञ असलेल्या डॉ. लागूंनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला आणि लवकरच, डिसेंबर १९७० मध्ये, गोवा हिंदू असोसिएशनने कुसुमाग्रजांचे हे नाटक आणले. त्या भूमिकेने त्यांना कीर्ती दिली आणि त्यांच्या प्रकृतीची जबर किंमतही घेतली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी गणपतराव बेलवलकर आपापल्या प्रकृतीने उभा केला आणि २०१६ मध्ये नाना पाटेकरांनी तो पडद्यावर नेला. एक भूमिका पाच-सहा देहांतून वाहत जाते, तेव्हा ती कोणा एकाची मालमत्ता न राहता परंपरेचे धन होते. मात्र त्या वाहण्यामागे प्रत्येक वेळी नव्याने केलेली कसून तालीम होती.

१९८० नंतर पूर्णवेळ व्यावसायिक नटाचे युग आले. ‘बेस्ट’मधील नोकरीपासून सुरुवात करून प्रशांत दामले यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात आपला १२,५०० वा प्रयोग केला, शरीर, आवाज आणि वक्तशीरपणा यांची इतकी दीर्घ साधना क्वचितच कोणाची असेल. ‘टूर टूर’ने लक्ष्मीकांत बेर्डे दिले आणि चित्रपटाने ते जवळजवळ कायमचे आपल्याकडे नेले. बँकेत नोकरी करणाऱ्या रिमा ‘पुरुष’सारख्या नाटकातून हिंदी पडद्यावर पोहोचल्या आणि तेथे त्यांच्या वाट्याला बहुशः नायकाची आई आली, रंगभूमीने त्यांना जो पल्ला दिला होता, त्याच्या निम्मादेखील पडद्याने मागितला नाही. १९९३ च्या ‘ऑल द बेस्ट’चा संच या काळाचे नेमके उदाहरण आहे. आधी एकांकिका असलेल्या या देवेंद्र पेम यांच्या नाटकात भरत जाधव, अंकुश चौधरी आणि संजय नार्वेकर हे तिघे एकत्र आले. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका अशी पात्रे असल्यामुळे तेथे प्रत्येकाचा विनोद दुसऱ्याच्या अचूक वेळेवर अवलंबून होता. नार्वेकर ‘वास्तव’मधून हिंदीत गाजले, चौधरी चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक झाले, जाधव २००२ च्या ‘सही रे सही’ने रंगभूमीचे हुकमी नट ठरले. तिघांच्याही वेळेच्या भानावर त्या पहिल्या नाटकाची मोहोर उमटलेली आहे.

मग आज नेमके काय बिघडले? नटांत गुणवत्ता उणी नाही. उणा आहे तो एकत्र काळ. दैनंदिन मालिकेचा नट महिन्यातील बहुतेक दिवस गोरेगाव, ठाणे वा साताऱ्याकडील चित्रीकरणस्थळी बांधलेला असतो आणि केलेल्या कामाचे पैसेही त्याला पुष्कळदा तीन महिन्यांनी मिळतात. नाटकाच्या प्रयोगाची ‘नाइट’, म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, त्या उत्पन्नाशी स्पर्धा करू शकत नाही. परिणामी तालीम आक्रसते, चित्रीकरणाच्या तारखांभोवती प्रयोगांच्या तारखा रचल्या जातात आणि अडचण आली की रिप्लेसमेंट उभी करून प्रयोग पार पाडला जातो. दत्ता भटांनी भूमिका स्वीकारणे आणि दोन दिवसांत संवाद पाठ करून उभे राहणे, यांत महदंतर आहे. त्यात प्रवासाचा ताण वेगळाच. पनवेलहून कोकणात, पुण्यात, घाटावर जाणारे रस्ते नाटकाच्या बसना सुपरिचित आहेत. याच पनवेलजवळून निघणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २००१ च्या फेब्रुवारीत भक्ती बर्वे आपल्यातून गेल्या. ‘ती फुलराणी’चा तो आवाज एका अपघाताने बंद झाला. रंगभूमीवरचा नट अजूनही आपला देह पणाला लावून गावोगाव जातो, हे मालिकेच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

तरीही निराशेचे कारण नाही, कारण अलीकडची उदाहरणे माझ्या म्हणण्याला पुष्टी देतात. २०१७ मध्ये प्राजक्त देशमुख यांनी आणलेल्या ‘संगीत देवबाभळी’त शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोन अभिनेत्री कोणत्याही लोकप्रिय मालिकेचे भांडवल न घेता उभ्या राहिल्या, २०२३ मध्ये नाटकाचा निरोप होईपर्यंत त्या दोघींच्या सुरांत आणि श्वासांत जी एकतानता आली, ती दीर्घ सहवासाखेरीज येत नाही. १९९१ चे ‘चारचौघी’ २०२२ मध्ये रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, पर्ण पेठे आणि कादंबरी कदम यांच्यासह पुन्हा आले, तेव्हा पडद्याने दिलेली ओळख रंगमंचाच्या सेवेला कशी लावता येते, हे दिसले. पडदा आणि रंगभूमी यांचे वैर अटळ नाही. अट एवढीच, की नटाला तालमीचा पुरता काळ मिळावा आणि संच टिकावा.

हा संच जन्माला कोठे येतो, हे पनवेलकरांना सांगण्याची गरज नाही. येथे भरणाऱ्या ‘अटल करंडक’ एकांकिका स्पर्धेत महाविद्यालयीन मुलेमुली मोजक्या मिनिटांत रंगमंच मांडून, उजळून आणि रिकामा करून जातात; त्या लगबगीत अभिनेता, प्रकाशयोजनाकार आणि नेपथ्य उचलणारा यांच्यात प्रतिष्ठेची उतरंड नसते. ‘ऑल द बेस्ट’ अशाच एकांकिकेतून आले, ‘देवबाभळी’ही तशाच मार्गाने आले. परंतु करंडक हाती आल्यावर त्या मेळ्यातील एक-दोन चेहरे मालिकेसाठी निवडले जातात आणि बाकीचे पांगतात. महापालिकेने आपल्या नाट्यगृहातील सोमवार ते गुरुवारच्या रिकाम्या वेळा अशा संचांना नाममात्र भाड्याने तालमीसाठी द्याव्यात. सिडकोने वसवलेल्या नव्या वसाहतींतील समाजमंदिरे लग्नसमारंभांइतकीच तालमींसाठीही खुली असावीत. निर्मात्यांनी नटांशी करार करताना प्रयोगांच्या संख्येबरोबर तालमीच्या दिवसांची हमी लेखी घालावी. आणि वाहिन्यांनी नाटकाच्या नटाला आठवड्यातील ठराविक दिवस मोकळे देण्याचा रिवाज पाडावा. यांतील एकही गोष्ट अशक्यप्राय नाही.

उरली जबाबदारी प्रेक्षकाची, आणि ती सर्वांत मोठी आहे. नाटकाची जाहिरात वाचताना आपण ठळक अक्षरांतील नावापाशी थांबतो. त्याखालची बारीक अक्षरांतील नावेही वाचावीत, त्यांची पुढची कामे लक्षात ठेवावीत, आणि ज्या नाटकात एकही ओळखीचा चेहरा नाही अशा एखाद्या नाटकाचे तिकीट वर्षातून दोन-तीन वेळा तरी मुद्दाम काढावे, एवढीच करंजाड्याच्या आणि पनवेलच्या रसिकांना माझी विनंती आहे.