चाहत्याची कसोटी : टिनटिन पुन्हा वाचताना

गेल्या नाताळच्या सुटीत धाकटी बहीण माहेरी आली होती. तिचा मुलगा दहा वर्षांचा. माझ्या कपाटातील टिनटिनची चित्रपुस्तके तो एकामागून एक फस्त करीत सुटला होता. चौथ्या दिवशी त्यातले एक पुस्तक हाती घेऊन बहीण माझ्यासमोर उभी राहिली. ‘दादा, हे याला वाचायला द्यायचं की नाही?’ पुस्तक होते ‘काँगोतील टिनटिन’. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. चाळीस वर्षे टिनटिनचा चाहता म्हणवून घेणाऱ्या माणसाजवळ या साध्या प्रश्नाला उत्तर नसावे, याची मात्र मला लाज वाटली. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

आमच्या पिढीचे चित्रकथांचे वेड ‘इंद्रजाल कॉमिक्स’पासून सुरू झाले. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या त्या अंकांतून वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक मराठी बोलत आमच्या घरी आले. टिनटिन भेटला तो मात्र इंग्रजीत आणि तोही रद्दीच्या दुकानात. मुखपृष्ठ निखळलेले ‘तिबेटमधील टिनटिन’ मी घासाघीस करून घेतले, घरी आणून खळीने चिकटवले आणि वसईच्या उकाड्यात बसून हिमालयातील बर्फ पहिल्यांदा पाहिले. ते पुस्तक आजही माझ्याजवळ आहे. पुढे नोकरी लागल्यावर २४ पुस्तकांचा संच एकेक करून जमवला. ‘काँगो’ मी विकत घेतले ते केवळ संच पूर्ण व्हावा म्हणून. ते वाचण्याची इच्छा फारशी नव्हती, पण कपाटातील मोकळी जागा खुपत होती. चाहत्याच्या वेडात हाव किती असते, हे अशा वेळी कळते.

टिनटिनचा जन्म कॅथोलिक वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. ‘एर्जे’ हे टोपणनाव घेणारा जॉर्ज रेमी हा ब्रसेल्सचा तरुण चित्रकार ‘ल व्हँतिएम सिएक्ल’ या दैनिकात काम करीत होता. त्या पत्राच्या मुलांसाठीच्या साप्ताहिक पुरवणीत १० जानेवारी १९२९ रोजी टिनटिन प्रथम अवतरला. पत्राचे संचालक होते फादर नॉर्बेर वालेझ. हे धर्मगुरू मुसोलिनीचे चाहते होते आणि बेल्जियमच्या काँगो वसाहतीविषयी मुलांच्या मनात ओढ निर्माण व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्याच सांगण्यावरून दुसऱ्या साहसासाठी टिनटिनला काँगोत पाठवण्यात आले. एर्जेने काँगो कधी पाहिला नव्हता. १९३१ साली निघालेल्या त्या पुस्तकातील आफ्रिकी माणसे जाड ओठांची, भोळसट आणि गोऱ्या पोरापुढे वाकणारी आहेत. टिनटिन वर्गात उभा राहून काळ्या मुलांना बेल्जियम हाच त्यांचा देश असल्याचे शिकवतो. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत एर्जेने तो धडा काढून तेथे गणिताची बेरीज घातली. माणसांचे चेहरे मात्र तसेच राहिले.

या पुस्तकात एक मिशनरीही आहे. लांब पांढरा झगा, भरघोस दाढी, हाती बंदूक. मगरींच्या तावडीतून तो टिनटिनला सोडवतो. धर्मग्रामात वाढलेल्या वाचकाला हे चित्र पाहून प्रथम बरेच वाटते, मलाही वाटले होते. आपण सावध व्हायला हवे ते नेमके येथे. आपला माणूस चित्रात सद्गुणी दिसला की उरलेल्या चित्राकडे आपण बारकाईने पाहात नाही. त्या मिशनऱ्याच्या शाळेतील मुलांना चेहरा का नाही, हा प्रश्न मला कितीतरी वर्षे पडला नव्हता.

भारतीय वाचकाला तो पडायला हवा होता. ‘फॅरोच्या सिगारी’ या पुस्तकात आपल्या वाट्याला महाराजा, हत्ती आणि विषारी बाण मारणारा फकीर आला आहे. ‘तिबेट’मध्ये दिल्लीच्या रस्त्यात बसलेल्या गाईला ओलांडताना ती उठते आणि कॅप्टन हॅडॉक तिच्या पाठीवरून उधळत जातो. त्या प्रसंगाला मी अजूनही हसतो. तथापि आपल्या वाट्याला थट्टा आली आणि काँगोच्या वाट्याला अवहेलना, हा फरक विसरता येत नाही. २००७ साली एका काँगोली नागरिकाने या पुस्तकाविरुद्ध ब्रसेल्समध्ये दाद मागितली. २०१२ साली न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले असेल. वाचकाच्या दृष्टीने ते तेथे संपू नये.

टिनटिनची गोष्ट वालेझपाशीच थांबली असती, तर मी हा संच रद्दीत परत घातला असता. ती थांबली नाही, याचे श्रेय दुसऱ्या एका धर्मगुरूंना आहे. १९३४ साली टिनटिन आता पूर्वेकडे जाणार, असे जाहीर झाले. लूव्हेन विद्यापीठातील चिनी विद्यार्थ्यांचे धर्मगुरू फादर गोसे यांनी तेव्हा एर्जेला पत्र लिहिले. चीनविषयी ऐकीव कल्पनांवर चित्रे काढू नका, आधी माहिती करून घ्या, असा त्या पत्राचा आशय होता. शेंडी, बांधलेली पावले आणि क्रूर हास्य एवढ्यावरच चिनी माणूस उभा केला, तर आपले विद्यार्थी दुखावतील, याची त्यांना काळजी होती. त्यांनीच ब्रसेल्समध्ये कलाशिक्षण घेणाऱ्या झांग चोंगरेन या तरुण कॅथोलिक शिल्पकाराशी एर्जेची गाठ घालून दिली. दोघेही त्या वेळी २७ च्या आसपास होते. त्यांची मैत्री जमली आणि एर्जेची रेषाच बदलली.

त्या मैत्रीतून ‘निळे कमळ’ निर्माण झाले. त्यातील भिंतींवरील आणि पाट्यांवरील चिनी अक्षरे खरी आहेत. १९३१ साली मांचुरियात रेल्वेमार्गावर घडवलेला स्फोट आणि त्या निमित्ताने जपानने केलेले आक्रमण त्यात चित्रित झाले आहे. पुरातून वाचवलेला चँग हा अनाथ मुलगा टिनटिनला विचारतो, तू मला का वाचवलेस? मग दोघे परस्परांच्या लोकांविषयीच्या खुळचट समजुती एकमेकांना सांगतात आणि खळखळून हसतात. काँगोच्या वर्गात फळ्यापुढे उभा असलेला टिनटिन येथे नदीकाठी शेजारी बसला आहे. एर्जेमध्ये झालेला पालट या एका बदललेल्या जागेत दिसतो.

पण समीक्षकाने येथेही पूर्ण समाधान मानू नये. याच पुस्तकात जपानी माणसे पुढे आलेल्या दातांची, डुकरासारख्या नाकाची काढली आहेत. एका शेजाऱ्याला चेहरा देताना एर्जेने दुसऱ्याचा हिरावून घेतला. पुढे जर्मन अंमलाखालील ब्रसेल्समध्ये त्याने ‘ल स्वार’ या ताब्यात गेलेल्या दैनिकात काम केले आणि त्या काळातील एका कथेत ज्यू बँकवाल्याचे कुत्सित चित्रही काढले. पालट एका दिवसात पुरा होत नाही, हे आपल्यापैकी पापनिवेदनाला नियमाने जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

१९६० साली पुस्तकरूपाने आलेले ‘तिबेटमधील टिनटिन’ हे मला या साऱ्या प्रवासाचे शिखर वाटते. त्या वेळी एर्जेचा संसार मोडकळीस आला होता आणि रात्री त्याला पांढऱ्याशुभ्र रंगाची भीतिदायक स्वप्ने पडत होती. काम थांबवा, असा सल्ला मानसतज्ज्ञाने दिला. त्याने तो मानला नाही आणि पान पान बर्फाने भरून काढले. या कथेत खलनायक नाही. विमान कोसळून चँग मेला, असे सगळे जग म्हणते. तो जिवंत आहे, असे फक्त टिनटिनला वाटते आणि तेवढ्या विश्वासावर तो काठमांडूहून पायी निघतो. कड्यावर कॅप्टन दोरीला लोंबकळतो. टिनटिनला तो वर ओढता येत नाही. निदान एक तरी वाचावा म्हणून दोरी कापायला कॅप्टन चाकू काढतो. टिनटिन ठाम नकार देतो. गारठलेल्या हातांतून चाकू निसटतो आणि परत फिरलेला शेर्पा थार्के दोघांना वाचवतो. शेवटी कळते, की ज्याला सगळे राक्षस समजत होते त्या यतीनेच चँगला खाऊपिऊ घालून जगवले. अखेरच्या चित्रात तो यती दूर जाणाऱ्या तांड्याकडे एकटा पाहात राहतो. काँगोत रानटी म्हणून हिणवलेल्या माणसांचे ऋण एर्जेने येथे फेडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र अनोळखी चेहऱ्यामागे माया असू शकते, हे त्याला उमगले होते, एवढे म्हणता येईल. खरे झांग आणि एर्जे यांची ताटातूट १९३५ साली झाली होती. ते पुन्हा भेटले १९८१ साली, एर्जेच्या मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे.

आता चाहत्यांविषयीची माझी तक्रार. काही चाहते ‘काँगो’चा विषय निघताच तुटून पडतात. तो काळच तसा होता, असे म्हणून ते दप्तर बंद करतात. त्याच काळात फादर गोसेही होते, हे ते विसरतात. दुसरा वर्ग सगळा संचच बाद करून मोकळा होतो. पहिला वर्ग डोळे मिटतो, दुसरा दोरी कापतो. तिसरा वर्ग पैसेवाल्यांचा. ‘निळे कमळ’च्या मुखपृष्ठासाठी १९३६ साली काढलेले, पण त्या वेळी न वापरलेले चित्र २०२१ साली पॅरिसमध्ये ३१ लाख युरोंहून अधिक किमतीला विकले गेले. त्या चित्राला घड्यांच्या खुणा आहेत. त्या खुणा मला त्याच्या किमतीपेक्षा अधिक बोलक्या वाटतात.

नव्या साधनांनीही माझा हिरमोड केला आहे. १९९५ साली ‘तिबेट’वर व्हिडिओ गेम निघाला होता. त्यात वाटेत येणाऱ्या माणसांना आणि वस्तूंना चुकवत, उड्या मारत पुढे जायचे. ज्या कथेचा प्राण माणसे भेटण्यात आहे, तिच्यात माणूस हाच अडथळा झाला. संगणकावर वाचण्यासाठी मी एका सेवेकडून काही चित्रकथा पैसे मोजून घेतल्या होत्या. ती सेवा बंद झाली आणि पुस्तकेही गेली. मी त्यांचा मालक कधी नव्हतोच, भाडेकरू होतो. रद्दीतून आणलेले, खळीने चिकटवलेले पुस्तक मात्र भाच्याच्या हाती देता आले. हाती देता येणे ही लहान गोष्ट नव्हे. जे हाती देता येते, त्याच्याविषयीच ‘द्यायचं की नाही’ असा प्रश्न एखाद्या आईला पडतो.

तेव्हा बहिणीला माझे उत्तर असे. पुस्तक त्याला दे, पण आज नको. आधी त्याला ‘तिबेट’ वाचू दे, मग ‘निळे कमळ’. एका पत्राने एक चित्रकार कसा बदलला, ते त्याला सांग. आणखी दोन-तीन वर्षांनी ‘काँगो’ दे आणि त्या वेळी त्याच्या शेजारी बस. ते चेहरे पाहून त्याला काय वाटते, हे आधी त्याला विचार, आपले मत नंतर सांग. तुला वेळ नसला तर मला बोलाव, मी येईन. त्या पुस्तकासमोर एकट्याने बसण्याचे मी इतकी वर्षे टाळले आहे. दोघे बसलो तर मलाही ते नीट वाचता येईल.